पोरगी उंच झाली, नंबर पण वाढला

पत्र असं आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून केज तालुका एवढंच सांगतो.

"सर, नमस्कार. माझी मुलगी आठवी पास झाली, 13 पूर्ण. मागच्या जूनमध्ये तिला पहिला चष्मा लागला, दोन्ही डोळ्यांना मायनस 1.25. आता मे महिन्यात परत दाखवलं तर मायनस 2.25 निघाला. एका वर्षात एवढा? याच वर्षात तिला पाळी सुरू झाली, उंची तर अशी वाढली की दिवाळीचे ड्रेस घोट्याच्या वर आलेत. सासूबाई म्हणतात चष्म्यानंच डोळे आळशी झाले, 'कामून लावतीस ती भिंगं, काढून ठेव.' चष्म्याच्या दुकानात म्हणले फक्त फळा बघताना लावा. भावजय म्हणते गाजर आणि त्रिफळा सुरू करा, नंबर उतरतो. मिस्टर म्हणतात सगळा मोबाईलचा प्रताप. दहावी झाली की तिला लातूरला ठेवायचं ठरलंय, मग तर अभ्यास अजून वाढणार. वाढत्या वयात डोळे पण वाढतात का? हे थांबतं कधी? लग्नाच्या वयापर्यंत नंबर कुठं जाईल? धाकटा 9 वर्षांचा आहे, त्याला चष्मा नाही, पण उन्हाळा आला की डोळे चोळून चोळून लाल करतो, मेडिकलवरून ड्रॉप आणून टाकतो आम्ही, दोन दिवसांत बरं वाटतं. त्याला पण नंबर लागेल का? एक आई."

ताई, नमस्कार.

आधी एक सांगून टाकतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढायचा तो चष्मा लावला तरी वाढतो आणि नाही लावला तरी वाढतो, नाही लावला तर वर पोरगी वर्षभर धूसर फळा बघत बसते. आता कामून ते सांगतो, थोडं लांबेल.

मी डॉक्टर नाही बरं का. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून सगळी नोकरी गेली, आमचं काम म्हणजे नंबर काढायचा, शाळा तपासायच्या, मोतीबिंदूची माणसं गोळा करून गाडीत बसवायची. त्यामुळं ऑपरेशनबिपरेशनचं मला विचारू नका पण शाळकरी लेकरांचे डोळे म्हणाल तर ते मी हजारोंनी बघितलेत, झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात सहा मीटरला गाठ मारलेली दोरी पसरून, एका टोकाला खिळ्यावर तक्ता आणि दुसऱ्या टोकाला नाक पुसत उभं असलेलं पोरगं.

तर तुमचा प्रश्न, डोळे पण वाढतात का. वाढतात की. व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरत असतो की माणसाचा डोळा जन्मापासून मरेपर्यंत तेवढाच राहतो, ते साफ चूक आहे. तान्ह्या बाळाचा डोळा पुढून मागं मोजला तर 16-17 मिलिमीटर भरतो आणि मोठ्या माणसाचा 23-24. म्हणजे बाळ जन्मतानाच डोळा दोन तृतीयांशापेक्षा जास्त तयार करून आणतं आणि बाकीचं अंग मागून येतं, म्हणून तर लेकरांचे डोळे टपोरे दिसतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत डोळा झपाट्यानं वाढतो, नंतर हळूहळू, पण शाळेच्या वयात तो वाढायचा थांबलेला नसतो.

आता यातली मेख बघा. डोळ्यात उजेड शिरतो तो पुढचं बुबुळ आणि आतलं भिंग यांच्यातून वाकून मागच्या पडद्यावर एका जागी गोळा व्हायला पाहिजे, तेव्हा स्पष्ट दिसतं. लहान लेकराचा डोळा आखूड, त्यामुळं बहुतेकांना थोडा प्लस नंबर असतोच आणि तो असलेलाच बरा. डोळा लांब होत जातो तसं भिंग पातळ होत जातं, जोडीच्या बैलांसारखं एकमेकाच्या चालीनं दोघं चालतात आणि साधारण सहा ते आठ वर्षांपर्यंत हिशोब शून्याच्या आसपास येतो. काही लेकरांत मात्र पुढं काय होतं की दहा-बारा वर्षांच्या सुमारास भिंगाचा बैल थांबतो, त्याची पातळ व्हायची सोय संपते, आणि लांबीचा बैल तसाच पुढं चालत राहतो. मग प्रतिमा पडद्याच्या अलीकडंच पडते आणि लांबचं धूसर होतं. तुमच्या पोरीचा मायनस नंबर म्हणजे एवढंच, डोळा गरजेपेक्षा जरा लांब झालाय. आळशी नाही झाला, कमजोर नाही झाला, लांब झालाय.

आणि किती लांब? एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच नंबर चढतो. ज्वारीचा एक दाणा हातावर घ्या, तो चारेक मिलिमीटरचा असतो, त्याचा पाव भाग म्हणजे अडीच नंबर. तुमच्या पोरीचा वर्षात वाढलेला एक नंबर म्हणजे दाण्याचा दहावा भाग. त्याच वर्षात ती पोरगी सहा-सात सेंटिमीटर तरी उंच झाली असणार, त्याचं सगळ्यांना कौतुक, आणि डोळ्याच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी घरात पंचायत बसली.

उंचीचा आणि डोळ्याचा संबंध तुम्ही बरोबर पकडलात, हे मला आवडलं. सिंगापूरच्या शाळकरी पोरांवर वर्षानुवर्षं मोजमाप करून अभ्यास झालाय, त्यात दिसलं की ज्यांची उंची लवकर झपकन वाढली त्यांचा डोळा पण लवकर झपकन लांबला आणि त्यांना चष्मा पण लवकर लागला. मुलींची उंची मुलांच्या आधी सुटते, साधारण 11-12 ला, मुलांची 13-14 ला, म्हणून सातवी-आठवीत चष्मेवाल्या मुली जास्त दिसल्या तर नवल नाही. पण याचा अर्थ पाळीनं नंबर वाढतो असा नाही हां, दोन्ही एकाच वयात येतात एवढंच, उगाच सासूबाईंच्या हातात नवीन कोलीत देऊ नका. आणि घरात कुणाला मायनस नंबर आहे का तेवढं आठवा, आईबापाला असला की लेकरांना लागायची शक्यता वाढते. तुमच्या मिस्टरांना चष्मा आहे का नाही हे पत्रात लिहिलंच नाही तुम्ही.

आता दुकानदाराचा सल्ला, फक्त फळा बघताना लावा. इथं मला माझंच एक कबूल करायचंय. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक सांगायचे की लेकरांना पूर्ण नंबर देऊ नको, अर्धा-पाऊण कमी दे, डोळ्याला व्यायाम होतो, नंबर लवकर वाढत नाही. मी पण तसंच लिहून द्यायचो, अगदी माझ्या सख्ख्या भाचीला पाऊण नंबर कमी दिलाय. मग 2002 मध्ये मलेशियातला एक अभ्यास आला, त्यात काही मुलांना मुद्दाम 0.75 नं कमी चष्मा दिला आणि काहींना पूर्ण, दोन वर्षांनी बघितलं तर कमी चष्मावाल्यांचाच नंबर जास्त वाढलेला. मी लिहिलेले सगळे कागद डोळ्यापुढं आले तेव्हा. भाची आता कमावती आहे, भेटली की मला चष्मा काढून दाखवते आणि हसते. तर पूर्ण नंबरचा चष्मा, उठल्यापासून झोपेपर्यंत.

सासूबाईंना पटवायचं असलं तर एक करून दाखवा. पोरीला चष्मा काढायला सांगा, एक डोळा तळहातानं झाकू द्या (बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून पोरं बघतात, तक्त्यासमोर हा प्रकार मी रोज पकडायचो) आणि बारीक अक्षराचं पुस्तक डोळ्याजवळून हळूहळू लांब न्या. मायनस 2.25 वाल्याला साधारण 44 सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणजे बरोबर एक हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मागच्या वर्षी 1.25 होता तेव्हा ती हद्द 80 सेंटिमीटर होती. हाताच्या पलीकडची सगळी दुनिया त्या पोरीला चष्म्याशिवाय धूसर आहे, चुलीपुढं बसलेल्या आजीचं तोंड सुद्धा. तेच आजीला दाखवा.

नाहीतर लेकरं सांगत नाहीत हो. एका शाळेत पाचवीतली पोरगी होती, पहिली ओळ सोडून काहीच वाचेना, मी म्हणलं बाई तू फळ्यावरचं लिहून कसं घेतीस? तर म्हणती, "बाई वाचून दाखवतेत की, मला वाटलं सगळेच ऐकून लिहितेत." तीन वर्षं तिनं ऐकून लिहिलं होतं. अन् एक पोरगा रांगेत उभं राहून तक्ता पाठ करून आलेला, वर-खाली-उजवीकडं धडाधड म्हणून गेला, मी तक्ता उलटा टांगला तरी तेच म्हणत होता.

गाजर आणि त्रिफळा. गाजर खाऊ द्या, शेवग्याचा पाला, मेथी, अंडी, पपई सगळं खाऊ द्या, अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रात्री कमी दिसतं, डोळे कोरडे पडतात, हे खरं. पण खाण्यानं डोळ्याची लांबी कमी होत नाही, एकदा उंच झालेली पोरगी बुटकी होत नाही तसं. त्रिफळ्याचं पाणी डोळ्यात घालू नका, गढूळ पाण्यानं बुबुळाला इन्फेक्शन झालेली माणसं बघितलीत मी. तेच डोळ्याच्या व्यायामाचं, तेच ते निळ्या किरणांच्या 'ब्लू कट' काचेचं, दुकानात पाचशे जास्त घेतात, नंबर थांबवायला तिचा उपयोग नाही.

मोबाईलवर मिस्टर अर्धे बरोबर. मोबाईलमधून काही किरण येऊन नंबर वाढत नाही, पण पोरं तो वीतभर अंतरावर धरून तासन्तास बघतात, आणि जवळचं काम जास्त आणि सलग केलं की नंबराला चालना मिळते. मग पुस्तकानं पण मिळते की, वीतभर अंतरावरून वाचलं तर. त्यामुळं मोबाईल हिसकावून हातात गाईड दिलं तर डोळ्याला फरक कळत नाही. कोपर टेबलावर टेकून पुस्तक कोपरापासून तळहातापर्यंतच्या अंतरावर ठेवायची सवय लावा, आडवं पडून वाचणं बंद, आणि अर्ध्या तासानं उठून दारात जाऊन लांब बघायचं.

आता जे सांगायला मी इतकं मागून आलो ते सांगतो. चीनमध्ये ग्वांगझूला 12 शाळा घेतल्या, सहा वर्षांची पोरं, निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा एक जास्तीचा तास मैदानावर लावला, गोळ्या नाहीत औषध नाही. तीन वर्षांनी 100 मधल्या साधारण 40 पोरांना एकीकडं मायनस नंबर लागला होता आणि मैदानवाल्या शाळांत 30 जणांना. 2015 ला छापून आलंय हे. उघड्यावरच्या भरपूर उजेडानं पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि ते डोळ्याची लांबी आवरतं असं समजलं जातं. शाळेच्या खोलीत उजेड असतो 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), लिंबाच्या सावलीत सुद्धा हजारोंनी असतो आणि उघड्या उन्हात लाखापर्यंत जातो. म्हणजे पोरांना भर दुपारी मराठवाड्याच्या 42 डिग्रीत तळायची गरज नाही, सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, टोपी घालून, नाहीतर सावलीत, चालतं.

आणि आपल्याकडं आपण काय करतो? ज्या वर्षी पोरगी अंगानं भरायला लागते, तिला पाळी येते, त्याच वर्षी तिचं अंगणातलं खेळणं बंद करतो. सहावीपर्यंत पोरांसोबत लंगडी, कबड्डी खेळणारी पोरगी आठवीत घरात, संध्याकाळी शेवया करायला नाहीतर पुस्तक घेऊन कोपऱ्यात, मोठी झाली ना आता. ज्या दोन-तीन वर्षांत डोळा अजून पळत असतो नेमकी तीच वर्षं आपण तिला खोलीत कोंडतो, वर म्हणतो चष्म्यानं नंबर वाढला. भाऊ तिकडं गल्लीत क्रिकेट खेळतोय. तुमच्या घरात असंच आहे असं मी म्हणत नाही, पत्रात तसं काही नाही, पण हजार घरांत बघितलंय म्हणून विचारतो, ती पोरगी शेवटची कधी मैदानावर पळाली?

एक खरं सांगायला पाहिजे, एकदा मायनस नंबर लागल्यावर बाहेरच्या उजेडाचा फायदा कमी होतो, लागायच्या आधी जास्त. म्हणजे सगळ्यात जास्त उपयोग तुमच्या धाकट्याला. तरी पोरीला पण दीड-दोन तास बाहेर पाठवा, शाळा सायकलवर, संध्याकाळी मैत्रिणींसोबत फिरणं, काहीही. लातूरला ठेवाल तेव्हा पण हीच अट घाला, क्लास ते रूम रिक्षानं जाण्यापेक्षा चालत, आणि खिडकी नसलेली रूम घेऊ नका भाडं कमी असलं तरी. तिथल्या पोरांचा दिवस मला माहीत आहे, सकाळी सहाला क्लासमध्ये शिरतात आणि रात्री अभ्यासिकेतून निघतात, ऊन म्हणजे काय ते रविवारी कपडे वाळत घालताना कळतं त्यांना.

थांबतं कधी? अमेरिकेत मायनस नंबरची साडेचारशेच्या वर पोरं वर्षानुवर्षं तपासत ठेवली होती, त्यात 15 व्या वर्षापर्यंत निम्म्यांचा नंबर थांबला, 18 पर्यंत चारातल्या तिघांचा आणि 21 पर्यंत दहातल्या नऊ जणांचा. म्हणजे आठवी-नववी-दहावी जोराची वर्षं, मग उतार. तिचा कुठं थांबेल हे कुणीच छातीठोक सांगू नये, मला विचाराल तर चारच्या आसपास जाऊन थांबला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि चार नंबरची माणसं ट्रॅक्टर चालवतात, कलेक्टर होतात. लग्नाचं म्हणाल तर 18 नंतर नंबर वर्ष-दोन वर्षं हलला नाही आणि बुबुळाची जाडी बरोबर असली तर लेसर करता येतं, पण 13 वर्षांच्या पोरीच्या कानावर आत्ताच लग्न आणि चष्मा एका वाक्यात घालू नका. सहाच्या पुढं नंबर गेला तर मात्र पडदा ताणलेला असतो, मग वर्षातून एकदा पडदा तपासायचाच, आणि कधीही डोळ्यापुढं विजा चमकल्या, अचानक खूप काळे ठिपके आले नाहीतर बाजूनं पडदा सरकल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता पुढचं काम. दुकानात जो नंबर निघाला तो कॉम्प्युटरवर निघाला असणार, हनुवटी टेकवून फुगा नाहीतर घर बघायचं ते मशीन. लेकरांच्या भिंगात ताकद जास्त, मशीनमध्ये बघताना ते आत जोर लावतं आणि मायनस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळं ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून तपासून घ्या, तेव्हा खरा नंबर कळतो. कदाचित वाढ एक नसेल, अर्धा-पाऊणच असेल. त्या दिवशी आणि पुढचा एक-दोन दिवस जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, म्हणून परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका, आत्ता सुट्टीतच जा. केजहून अंबाजोगाई काही लांब नाही, स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजला डोळ्याचा विभाग आहे, सकाळी लवकर गेलं की केसपेपर निघून दुपारपर्यंत होतं. डोळ्याची लांबी मोजायचं मशीन पण असतं, मोतीबिंदूचं भिंग ठरवायला वापरतात तेच, डॉक्टरांना म्हणा लांबी पण लिहून द्या. सहा महिन्यांनी परत मोजली की नुसत्या नंबरापेक्षा पक्कं कळतं.

तिथंच विचारा की नंबर हळू करायचे ड्रॉप तिला लागतील का. ॲट्रोपिनचे अगदी पातळ ड्रॉप येतात, 0.01 टक्के, 0.05 टक्के, रात्री झोपताना एक थेंब, दोन-तीन वर्षं. सिंगापूर-हाँगकाँगला यावर बरंच काम झालंय, आपल्याकडं पण डॉक्टर देतात. नंबर उतरवत नाहीत ते, चढण मंद करतात, ते पण सगळ्यांना सारखं नाही. आणि एक धोक्याची गोष्ट, मेडिकलवर जाऊन नुसतं ॲट्रोपिन मागू नका, तिथं 1 टक्क्याचं मिळेल, ते वीस ते शंभरपट कडक, पोरगी आठवडाभर चष्मा लावून पुस्तक वाचू शकणार नाही. काही खास चष्मे पण आलेत, काचेत बारीक बारीक बिंदू असतात, त्यानं पण वाढ मंदावते, पण महाग आहेत, घरचं बघून ठरवा.

फ्रेमचं एक राहिलं. या वयात तोंड पण रुंद होतं, दोन बाहुल्यांमधलं अंतर वाढतं, मागच्या जूनची फ्रेम तिला कानामागं काचत असेल आणि काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नसेल. नुसत्या काचा बदलून जुनीच फ्रेम ठेवायची काटकसर करू नका, कानामागं लाल वळ आहेत का बघा म्हणजे कळेल. शाळेतून तपासणी झाली तर अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी पोरांना चष्मा फुकट मिळतो, लाजायचं काही कारण नाही.

आता धाकट्याकडं येतो, आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला पोरीपेक्षा याची जास्त काळजी वाटली.

उन्हाळ्यात डोळे लाल, खाज, चोळत बसणं, सकाळी तारेसारखा चिकट चिपडा, उजेड सहन न होणं, हे आपल्या भागात लई दिसतं, धूळ आणि कोरडी हवा, मुलींपेक्षा मुलांना जास्त, पाच ते पंधरा वयात. ॲलर्जी आहे ती. बहुतेकांची वयात आल्यावर आपोआप जाते. ॲलर्जीनं दृष्टी क्वचित जाते, मेडिकलच्या ड्रॉपनं जाते. दोन दिवसांत बरं वाटतं म्हणता ना, त्यावरूनच मला शंका आली. आत्ता उठा, फ्रीजच्या दारातली ती बाटली काढा आणि बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का वाचा. असलं तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरच्या नजरेखाली मोजके दिवस टाकलं तर औषध, आणि आपल्या मनानं उन्हाळाभर टाकलं तर काही लेकरांच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो. दुखत नाही, लाल होत नाही, कळत नाही. माझ्याकडं दहावीतला एक पोरगा आला होता, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, नंबर शून्य, आणि उठून जाताना शेजारच्या स्टुलाला धडकला. मी म्हणलं थांब. समोरचं दिसत होतं आणि बाजूचं गेलं होतं, नळीतून बघितल्यासारखं. तीन उन्हाळे तोच ड्रॉप, बाटली संपली की बाप नवीन आणायचा. ती नजर परत येत नाही ताई.

म्हणून अंबाजोगाईला जाल तेव्हा धाकट्याला सोबत न्या, बाटली पण न्या, आणि दाब मोजा म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगा. बिनस्टेरॉइडचे ॲलर्जीचे ड्रॉप असतात, ते लिहून देतील. तोपर्यंत खाज आली की माठातल्या पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी डोळ्यावर ठेवायची, बाहेर जाताना गॉगल, खेळून आला की तोंड धुवायचं. चोळणं मात्र बंद करायला लागेल, सारखं चोळून चोळून काही पोरांचं बुबुळ वयात येताना पातळ होऊन टोकदार बनतं, मग तिरपा नंबर दर सहा महिन्याला बदलत राहतो आणि चष्म्यानं पण साफ दिसत नाही. असं कधी झालं तर बुबुळाचा नकाशा काढून घ्यायचा, वेळेत कळलं तर ते थांबवायची ट्रीटमेंट आहे. पोरीचा नंबर साधा मायनस आहे, तिचं असं दिसत नाही.

जाताना मागच्या जूनचा नंबराचा कागद न्या. फेकला असेल तर जुना चष्मा न्या, काचेवरून नंबर काढता येतो. आणि पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली धरा, ड्रेस घ्यायला जाल तेव्हाच. तिथं काय निघालं ते कळवा, धाकट्याचा दाब किती आला तेवढं तरी आठवणीनं लिहा.